गाण्याच्या बटणाचे कोणी ऐकायचे?

(लेखिका : इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी)

आपल्या शाळेच्या संगणकाचा कळफलक, म्हणजे कीबोर्ड, तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्यावर नेहमीची १०४ बटणे आहेत. पण एफ-१, एफ-२ च्या ओळीच्याही वर सात बारकी बटणे वेगळी बसवली आहेत. त्यांच्यावर अक्षर नाही की आकडा नाही, नुसती चित्रे आहेत. एकावर त्रिकोण आणि दोन उभ्या काठ्या आहेत. ते गाणे सुरू करते आणि थांबवते. एकावर चौकोन आहे, ते गाणे बंद करते. दोघांवर दोन-दोन त्रिकोण आणि एक काठी आहे. त्यांतले एक मागचे गाणे लावते आणि एक पुढचे. उरलेल्या तिघांवर कर्ण्याचे चित्र आहे. एक आवाज वाढवते, एक कमी करते आणि एक आवाज पार बंद करते. या सातांना इंग्रजीत मीडिया की म्हणतात. आम्ही वर्गात त्यांना गाण्याची बटणं म्हणतो. पण त्यांनी धडासुद्धा थांबतो आणि गोष्टसुद्धा थांबते.

या बटणांनी कसे वागावे, हे मी या लेखात सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, बटणाला कसली आलीय वागणूक? दाबलं की झालं. पण तसे नाही. अक्षराचे बटण साधे असते. गाण्याचे बटण साधे नसते. त्याचे कारण पुढे येते.

बटण दाबले की कळफलक संगणकाला चित्र पाठवत नाही, अक्षरही पाठवत नाही. तो दोन आकडे पाठवतो. गुरुजींनी आम्हांला त्या आकड्यांची यादी पडद्यावर उघडून दाखवली. यूएसबीच्या वायरने जोडलेले सगळे कळफलक हीच यादी वापरतात. पहिला आकडा यादीच्या पानाचा असतो आणि दुसरा त्या पानावरच्या ओळीचा. ते ऐकताना मला हजेरीपटच आठवला. पहिला आकडा म्हणजे इयत्ता आणि दुसरा म्हणजे हजेरी क्रमांक. इंग्रजी ए अक्षराचे बटण दाबले तर 'इयत्ता ७, क्रमांक ४' असे जाते. सगळी अक्षरे याच सातवीच्या वर्गात बसतात. गाण्याची बटणे मात्र बारावीत आहेत. आवाज वाढवायचे बटण बारावीतला २३३, कमी करायचे २३४ आणि आवाज बंदचे २२६. पुढचे गाणे १८१, मागचे १८२, चौकोनाचे १८३. आणि त्रिकोण-काठ्यांचे बटण बारावीतला २०५.

हा २०५ लक्षात ठेवा, सगळी भानगड त्याचीच आहे.

गाणे चालू असताना ते बटण दाबले तरी २०५ च जातो. गाणे थांबलेले असताना दाबले तरी २०५ च जातो. म्हणजे ते बटण 'थांब' असे म्हणत नाही आणि 'वाज' असेही म्हणत नाही. ते एवढेच म्हणते, 'आता आहेस त्याच्या उलट हो.' त्या यादीत नुसत्या 'वाज' साठी १७६ आणि नुसत्या 'थांब' साठी १७७ असे वेगळे क्रमांकसुद्धा आहेत. पण आपल्या कळफलकावर दोघांचे मिळून एकच बटण केले आहे. जागा वाचली, पण मला ते फारसे आवडले नाही. कारण चुकीच्या प्रोग्रामने ऐकले, तर थांबवायला गेलेले बटण उलट नवीन आवाज सुरू करते. तसे झालेही आहे, ते पुढे सांगते.

आता अक्षराचे बटण आणि गाण्याचे बटण यांतला फरक पाहा. पडद्यावर चार खिडक्या उघड्या असल्या आणि आपण क टाइप केला, तर तो कुठे उमटतो? जी खिडकी सगळ्यांत पुढे आहे तिच्यात. मागच्या खिडक्या गप्प बसतात. कोणाला विचारायची गरजच पडत नाही, कारण आपण जिथे बघतो तिथेच लिहितो. पण गाणे मागच्या खिडकीतही वाजू शकते. गुरुजी पुढच्या खिडकीत आमची गुणपत्रके भरत असतात आणि मागे पाढ्यांचे गाणे चालू असते. तेव्हा २०५ पुढच्या खिडकीला देऊन काय उपयोग? गुणपत्रक काय गाणे म्हणणार आहे?

म्हणून अक्षराचे बटण हे हजेरीसारखे आहे. ज्याचे नाव घेतले त्यानेच 'हजर' म्हणायचे. आणि गाण्याचे बटण म्हणजे नाव न घेताच 'ऊठ रे' म्हणण्यासारखे आहे. मग उठायचे कोणी? कोणीच उठत नाही, नाहीतर भलताच उठतो.

जुन्या टेपरेकॉर्डरला ही अडचण नव्हती. आमच्या घरी माळ्यावर आजोबांचा एक आहे. कॅसेट ही वस्तू फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढली. ती आडवी बसवून वाजवायचे ते यंत्र. त्याच्या बटणांवरही हेच त्रिकोण, हाच चौकोन आणि याच काठ्या आहेत. संगणकाने ही चित्रे टेपरेकॉर्डरकडूनच उचलली. पण टेपरेकॉर्डरचे त्रिकोणाचे बटण दाबले की ते खटकन खाली बसते आणि खालीच राहते. चौकोनाचे दाबले की ते पुन्हा वर उडते. त्यामुळे आता वाजतेय की बंद आहे हे अंधारातही बोटाला कळते. शिवाय त्या बटणाला एकच मालक. बटणाखाली लोखंडी पट्टी, पट्टीखाली चाक. दुसऱ्या कोणाचे गाणे थांबवायचे त्याच्या मनातही येणार नाही.

संगणकाचे बटण दाबले की लगेच वर येते. ते बघून काही कळत नाही. आणि त्याला मालक अनेक. गाण्यांचा एक प्रोग्राम असतो, चित्रफितींचा दुसरा असतो. ब्राउझर उघडला की त्यात दहा टॅब असतात आणि त्यांतल्या तीन टॅबमध्ये तीन व्हिडिओ अर्धवट थांबलेले असतात.

पूर्वी यावर लोकांनी वेगवेगळे उपाय केले. एक उपाय असा की बटण आधी पुढच्या खिडकीला विचारायचे आणि तिने नको म्हटले तर दुसऱ्यांना. दुसरा उपाय असा की एखाद्या प्रोग्रामने सुरू होतानाच सांगून टाकायचे, 'हे बटण आता माझे.' मग ते बटण त्याच्याकडेच जायचे, तो वाजत असो की नसो. मला हा दुसरा उपाय म्हणजे पंगतीत आधीच पाटावर रुमाल टाकून ठेवण्यासारखा वाटतो. जेवायला कोणी बसलेले नसते आणि जागा मात्र अडलेली असते. ब्राउझरांना तर ही बटणे बरीच वर्षे नीट कळतच नव्हती. क्रोम या ब्राउझरला ती मार्च २०१९ मध्ये कळू लागली, ७३ व्या आवृत्तीत. फायरफॉक्सला सप्टेंबर २०२० मध्ये, ८१ व्या आवृत्तीत. त्याआधी ब्राउझरमधला धडा थांबवायचा तर माउसने तो टॅब शोधून काढावा लागे.

आता चांगली पद्धत अशी निघाली आहे की वाजवणाऱ्या प्रत्येकाने संगणकाला आपली हकीकत कळवत राहायची. लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीत तर त्यासाठी तीनच शब्द ठरवून दिले आहेत. वाजतो आहे, थांबलो आहे, बंद आहे. प्रत्येकाने यांतला एक शब्द सांगायचा आणि कोणते गाणे तेही सांगायचे. विंडोजमध्येही अशी नोंद असते. आपल्या संगणकावर विंडोज १० आहे. त्यात आवाजाचे बटण दाबले की डाव्या कोपऱ्यात वरती काळी पट्टी येते. तिच्यात आवाजाचा आकडा असतो आणि शेजारी जे वाजतेय त्याचे नावही असते. तुम्ही पाहिली असेल. ती नोंदीवरूनच येते.

पण नोंद असली तरी ठरवायचे राहतेच की ऐकायचे कोणी. आम्ही चौथीच्या मुलांनी याचा प्रयोग केला. गुरुजी शेजारीच होते.

आधी गाण्यांच्या प्रोग्राममध्ये एक बडबडगीत लावले. ते चालू असतानाच ब्राउझरमध्ये जलचक्राचा व्हिडिओ लावला. दोन्ही आवाज एकदम! समुद्राची वाफ होतेय आणि मागे टाळ्या वाजताहेत. मग त्रिकोण-काठ्यांचे बटण दाबले. जलचक्र थांबले, बडबडगीत चालूच राहिले. पुन्हा दाबले. आम्हांला वाटले आता बडबडगीत थांबेल. पण नाही. जलचक्रच पुन्हा सुरू झाले. दहा वेळा दाबले तरी जलचक्रच थांबते आणि जलचक्रच सुरू होते. म्हणजे जो शेवटी सुरू झाला त्यालाच बटण मिळाले होते. बडबडगीत थांबवायला माउस घ्यावा लागला. जलचक्राचा टॅब बंद करून टाकल्यावर मात्र बटण बडबडगीताला मिळाले.

यावरून वर्गात वाद झाला. काही मुले म्हणाली, बरोबर आहे, शेवटी लावलेले तेच आपल्या ध्यानात असते, म्हणून बटण त्यालाच मिळावे. काही म्हणाली, दोन आवाज होताहेत म्हणूनच तर माणूस बटण दाबतो, त्याला शांतता हवी असते, एक थांबून दुसरे चालू राहिले तर काय उपयोग? एक मुलगा म्हणाला, पहिल्या दाबण्याला एक थांबावे आणि दुसऱ्या दाबण्याला दुसरे. पण मग परत सुरू कसे करायचे, हे त्याला सांगता आले नाही.

माझे मत असे झाले. बटण थांबवण्यासाठी दाबले असेल तर जे जे वाजत आहे ते सगळे थांबावे. आणि सुरू करण्यासाठी दाबले असेल तर एकानेच सुरू व्हावे, जो शेवटी वाजत होता त्याने. बघा, वर्गात गुरुजी 'शांत बसा' म्हणतात ते सगळ्यांना. पण 'वाच' म्हणतात ते एकालाच. सगळ्या वर्गाला एकदम वाचायला सांगितले तर काय ऐकू येणार? आणि 'शांत बसा' हे एकालाच सांगितले तर वर्ग काय शांत होणार? थांबवणे आणि सुरू करणे ही जोडीची कामे वाटतात, पण ती सारखी नाहीत.

यावर गुरुजींनी एक शंका काढली. समजा एकजण पावसाचा बारीक आवाज लावून अभ्यास करतोय आणि मध्येच त्याने एक व्हिडिओ पाहिला. व्हिडिओ थांबवताना त्याला पाऊसही थांबायला नको असेल. शंका खरी आहे. तरी मला वाटते, पाऊस चुकून थांबला तर तो पुन्हा लावता येतो. नको तेव्हा आवाज चालू राहिला तर मात्र तो आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो परत घेता येत नाही.

ही गोष्ट मी उगीच लिहीत नाही. आपल्या शाळेत परिपाठाला काय झाले ते पहिलीपासूनच्या सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी राष्ट्रगीत एका साइटवरून लावले होते. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे असते. ते चालू असताना आपण सगळे सावधानमध्ये उभे असतो. हात हलवायचा नाही, मान वळवायची नाही, गुरुजींनीसुद्धा नाही. राष्ट्रगीत संपले आणि त्या साइटने न विचारता पुढचे काहीतरी लावले. आधी अंगाच्या साबणाची जाहिरात आली. अजून 'विश्राम' म्हटलेले नव्हते! गुरुजी धावत गेले आणि त्यांनी त्रिकोण-काठ्यांचे बटण दाबले. साबण थांबला नाहीच. उलट आदल्या दिवशीचा भूमितीचा धडा, जो दुसऱ्या एका जुन्या प्रोग्राममध्ये अर्धा राहिला होता, तो मोठ्याने सुरू झाला. कारण त्या जुन्या प्रोग्रामने बटण स्वतःकडे धरून ठेवले होते. पाटावर रुमाल, तसेच. साबण आणि काटकोन एकदम ऐकू येऊ लागले. लहान मुले हसली. नंतर त्यांना बोलणी बसली, पण त्यांचा काही दोष नव्हता. शेवटी गुरुजींनी स्पीकरची पिनच उपटली.

इथे बटण नीट वागले असते तर काय झाले असते? साबणाचा आवाज येत होता म्हणून तो थांबला असता. भूमितीचा धडा गप्प होता म्हणून तो गप्पच राहिला असता. आवाज चालू असताना दाबलेल्या बटणाने नवीन आवाज कधीही सुरू करू नये, एवढा एक नियम पाळला असता तरी परिपाठ नीट पार पडला असता. आता राष्ट्रगीत आणि राज्यगीत या दोन्ही फायली संगणकात उतरवून घेतल्या आहेत. त्या एकेक करून लावतात आणि त्यांच्यामागे रांगेत काही नसते. त्यामुळे संपले की संपले.

काहीच वाजत नसेल आणि बटण दाबले, तर? माझ्या मते कालपरवाचे अर्धवट काहीही उकरून काढू नये. गुरुजी म्हणाले की मॅक नावाच्या संगणकावर काही चालू नसताना हे बटण दाबले तर संगीताचा प्रोग्राम आपोआप उघडतो. कोणाला ते आवडतही असेल. मला विचाराल तर बटणाने नवीन दुकान उघडू नये. आपण हाताने काही लावले असेल आणि नंतर थांबवले असेल, तेच त्याने पुन्हा सुरू करावे. वीज गेली आणि संगणक पुन्हा लावला, तर बटणाने पहिल्यांदा गप्पच बसावे. आपल्या गावात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. परत आल्यावर ब्राउझर विचारतो, जुने टॅब उघडू का? हो म्हटले की मागचे सगळे व्हिडिओ परत येऊन बसतात. त्यांतला कोणता सुरू होईल हे आधी सांगता येत नाही.

आणि टुंग करून वाजणारे बारके आवाज असतात ना, पेन ड्राइव्ह लावल्यावर येतो तसे, त्यांना गाणे समजू नये. नाहीतर शेवटी तोच वाजला म्हणून बटण त्याला मिळायचे!

आता आवाज बंद करायचे बटण. पुष्कळांना वाटते की आवाज बंद करणे आणि थांबवणे एकच. ते एक नाही. आवाज बंद केला तरी धडा पुढे पळत असतो. बाई मध्येच वर्गात सूचना सांगायला आल्या आणि कोणी आवाज बंदचे बटण दाबले, तर सूचना संपेपर्यंत तीन गणिते होऊन गेलेली असतात. वर्गात कोणी बोलायला आले तर काठ्यांचे बटण दाबावे, कर्ण्याचे नाही. कर्ण्याचे बटण तेव्हा, जेव्हा चित्र पुढे जायला हवे आहे पण आवाज नको आहे. उदाहरणार्थ, कवायतीचा व्हिडिओ लावून अंक आपणच म्हणायचे असतील तेव्हा.

तिसरीत आपली एक मैत्रीण आहे. तिला फार कमी दिसते. तिच्यासाठी संगणकावर एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम टाकला आहे. तो पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवतो, मराठीसुद्धा वाचतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो तयार करायला घेतला आणि तो फुकट मिळतो. ती माउस वापरत नाही. कळफलकावर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, त्यावर बोटे ठेवून ती बाकीची बटणे मोजते. गाण्याची सात बटणे तिला तोंडपाठ आहेत, डावीकडून उजवीकडे.

आपल्यासाठी ही बटणे सोय आहेत. तिच्यासाठी ती रस्ता आहेत. बटण दाबल्यावर भलतेच वाजले तर आपण पडद्याकडे बघून शोधून काढतो. ती कुठे बघणार? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आवाज बंदचे बटण. ते कोणी दाबून ठेवले असेल, तर गाण्याबरोबर तिला वाचून दाखवणारा आवाजही बंद होतो. पडद्यावर कर्ण्यापुढे फुली दिसते, पण ती आपल्याला. तिला वाटते संगणकच बंद आहे. एकदा ती मधल्या सुट्टीत बराच वेळ तशीच बसून होती. तेव्हा कोणीतरी फुली पाहिली.

मग तिने स्वतःच युक्ती काढली. संगणकापुढे बसली की ती पहिल्यांदा आवाज वाढवायचे बटण एकदा दाबते. विंडोजमध्ये आवाज बंद असताना ते बटण दाबले की आवाज परत येतो. आणि बंद नसेल तर आवाज फक्त दोनने वाढतो, त्याने काही बिघडत नाही. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. कारण ते बटण नेहमी एकच काम करते. वाढवतेच. उलट करत नाही. आवाज बंदचे बटण मात्र २०५ सारखेच आहे, एकदा दाबले की बंद, पुन्हा दाबले की चालू. आधी काय होते ते ठाऊक नसेल तर नंतर काय झाले तेही कळत नाही. न बघता दाबायचे बटण असे हवे की दाबण्याच्या आधीच माहीत पाहिजे, आता काय होणार.

काही कळफलकांवर आवाज बंद असला की बारीक दिवा लागतो. दिव्याने आपली सोय झाली, तिची नाही झाली. त्यापेक्षा वाचून दाखवणाऱ्या आवाजाने जाताना 'आवाज बंद' असे म्हणून जावे, असे मला वाटते. घरातून बाहेर जाताना आपण 'येते गं आई' म्हणतो, तसे.

आवाजाच्या बटणांचे थोडेसे राहिले. विंडोजमध्ये एकदा दाबले की आवाज १०० पैकी २ ने बदलतो. म्हणजे शून्यापासून शंभरपर्यंत जायला ५० वेळा दाबावे लागते, किंवा दाबून धरावे लागते. मॅकवर १६ पायऱ्या असतात. मला १६ बऱ्या वाटतात, कारण पटकन कमी करायचा असेल तर ५० फार होतात. पण तिसरीतली मैत्रीण म्हणाली की तिला बारीक पायऱ्याच बऱ्या, कारण कानाला हेडफोन असतो आणि एकदम मोठा आवाज झाला तर कान दुखतो. तिचे पटले. ही दोन बटणे सगळ्या आवाजांवर चालावीत, मग खिडकी कोणतीही पुढे असो. आणि गुरुजींनी संगणकाला कुलूप लावले असेल, म्हणजे पासवर्डचा पडदा आला असेल, तरीही ती चालावीत. काठ्यांचे बटणही तेव्हा चालावे. कुलूप लावून गुरुजी कार्यालयात गेले आणि आत गाणे चालू राहिले, तर पासवर्ड माहीत नसलेल्याला निदान ते थांबवता आले पाहिजे. थांबवण्याने कोणाची वही वाचली जात नाही.

मागचे गाणे लावायचे बटण जरा फसवे आहे. बऱ्याच प्रोग्राममध्ये गाणे थोडे पुढे गेल्यावर ते दाबले तर मागचे गाणे लागत नाही, हेच गाणे पहिल्यापासून सुरू होते. लगेच पुन्हा दाबले तर मग मागचे लागते. कविता पाठ करताना हे फार उपयोगी पडते. एकदा दाबले की तीच कविता पुन्हा. म्हणून याबद्दल माझी काही तक्रार नाही.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना ही सात बटणे वेगळी सापडणार नाहीत. तिथे ती एफ-१, एफ-२ च्या बटणांवरच लहान चित्रे काढून बसवलेली असतात. काही लॅपटॉपवर कोपऱ्यातले एफएन बटण दाबून धरावे लागते, काहींवर नुसते दाबले तरी चालते. माझ्या मामाच्या लॅपटॉपवर दाबून धरावे लागते. आपल्या शाळेचा कळफलक ज्यांना बघायचा असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजींना विचारून यावे. आधी आवाज वाढवायचे बटण एकदा दाबायचे आणि मग बाकीचे.